खांबाभोवतीची फट

बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि काही लपवून ठेवलं नाही. ह्यांना काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, ह्याला तसा काही इलाज नाही म्हणाले. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डाव्याचं कडेकडेचं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं शिल्लक होतं. थेंब वेळेवर टाकले तर ते काही काळ टिकेल. मी आख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली, त्यामुळे ‘काही काळ’ हे शब्द डॉक्टर कोणत्या आवाजात म्हणाले ते मला बरोबर कळलं.

एसटीत ह्यांनी मोताळ्यापर्यंत तोंड उघडलं नाही. मी मनात हिशेब लावत होते की आता पायऱ्यांना कठडा करावा लागेल, न्हाणीघरातली फरशी बदलावी लागेल, विहिरीवर एकटं जाऊ देता येणार नाही. मोताळा मागे पडलं तसे हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मांगं एक खोली बांधा लागते.”

“कायले?”

“दुर्बीण ठेवाले.”

माझं डोकंच फिरलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली इतकी मी बोलले. डोळे चालले आणि ह्यांना दुर्बीण सुचते! ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “छप्पर सरकतं पाह्यजे. पत्र्याचं.”

आमचं घर तलावाच्या काठावर, गावापासून लांब आहे. फाट्यावर उतरलं की गाडीवाटेनं बराच वेळ चालायचं, मग शेवटचं शेत संपतं, बाभळी लागतात आणि त्यांच्या पलीकडे पाणी. हे पाटबंधारे खात्यात होते. पाण्यात उभ्या केलेल्या रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि वर कळवायचं, हे ह्यांचं काम. त्यामुळे ह्यांना सगळ्या गोष्टींवर रेघा मारायची सवय. दुधाच्या पातेल्यावर रेघ, तांदळाच्या डब्यावर रेघ. निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले की आता बुलढाण्यात घर घ्या, दवाखाना जवळ, बाजार जवळ. आम्ही गेलो नाही. ह्यांना तिथलं आकाश आवडत नव्हतं आणि मला तिथले लोक. दिवेलागणीनंतर अंगणात खाट टाकायची आणि वर बघत पडायचं, हा ह्यांचा जुना छंद. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. दिवसभर लोकांच्या जखमा धुऊन आल्यावर कोण चांदण्या मोजत बसतो!

फाल्गुन लागला होता. पाणी आटत मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी काकड्या-खरबुजं लावली होती. काठावरचे पळस नुसते पेटले होते. ह्यांनी परसात चार खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधली. दोन खुंट्या वाकड्या ठोकल्या गेल्या, कारण कडेचं दिसतच नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. जाऊन सरळ कराव्यात असं वाटलं, पण रागात होते म्हणून गेले नाही.

एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली. “अवं, इकडं ये. भिंतीले टेकून उभी राह्य.”

“आता मले चिणता का भिंतीत?”

“उभी राह्य न वं. उंची पाहाची हाय.”

मी कणकेचे हात तसेच धरून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. ह्यांनी माझा चेहरा चाचपला, भुवईखाली बोट ठेवलं आणि बोटाला धरून खडूची रेघ मारली. खोलीच्या भिंती किती उंच घ्यायच्या ते ठरवायचं असेल असं मी धरलं. नाहीतरी ह्यांच्या रेघांना काही विचारायचं नसतं, हे मला लग्नानंतर लगेच समजलं होतं.

दुर्बीण कुरिअरनं आली, पण कुरिअरवाला मोताळ्याच्या पुढं यायला तयार होईना. हे जाऊन एसटीत घालून घेऊन आले. कंडक्टरनं खोक्याचं वेगळं तिकीट फाडलं आणि वर विचारलं, “साहेब, गॅसची शेगडी घेतली का?” हे हो म्हणाले. फाट्यावरून खोकं बैलगाडीतून आलं, खालून कडब्याच्या पेंढ्या लावून. मी ते समोरच्या खोलीत ठेवू दिलं नाही, ते धान्याच्या कोठीशेजारी राहिलं.

बांधायला गावातला मिस्त्री आला. त्यानं आमचं घर बांधलं होतं, त्यामुळे तो घरच्यासारखा बोलायचा. ह्यांनी त्याला समजावलं की मधोमध सिमेंटचा एक खांब हवा, खाली मुरूम लागेपर्यंत खोल. त्याच्यावर दुर्बीण बसणार. आणि भोवतीची फरशी खांबाला कुठंच चिकटता कामा नये, सगळीकडून चार बोटं फट सोडायची.

“फट?” मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला. “बाई, साहेब काय म्हणून राह्यले?”

“मले कायले विचारतो? ज्याचं काम त्याले विचार.”

ह्यांनी परत समजावलं. माणूस फरशीवर चालला की फरशी थरथरते, आपल्याला ते कळत नाही. खांब फरशीला चिकटलेला असला तर तो थरथरतो, आणि दुर्बिणीत तेच कितीतरी पट मोठं होऊन चांदणी नाचायला लागते. म्हणून खांबाचा आणि फरशीचा संबंधच ठेवायचा नाही. मिस्त्रीनं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. आपल्या हातच्या फरशीत फट राहिली तर लोक आपल्याला काय म्हणतील, ही त्याची चिंता. आमच्याकडे मिस्त्रीची पारखच सांध्यावरून होते. शिवाय फटीत विंचू बसतो, हे तो दोनदा म्हणाला.

दुसरी कुरबुर खांबाच्या उंचीवरून झाली. साच्याला फळ्या लावताना मिस्त्री म्हणाला, “साहेब, हा तं लयच बुटका होते. तुमाले वाकून पाहा लागन.”

“असू दे,” हे म्हणाले.

“कंबर धरन न.”

“धरू दे. तू तेवढाच कर.”

हे चांगले उंच आहेत. मलाही तो खांब ठेंगणाच वाटला. पण मी ठरवलं होतं की ह्या भानगडीत आपण पडायचं नाही.

होळीच्या आधी भिंती उभ्या राहिल्या आणि फरशी झाली. फट मिस्त्रीनं सोडली, पण तोंड वाकडं करून. त्या दिवसांत ह्यांचं चालणं मी नीट पाहत होते, ती माझी नोकरीतली सवय. उंबरठा ओलांडताना पाय आधी थोडा हवेत थांबायचा. ओट्यावरचा तांब्या उचलताना हात तांब्याच्या पुढं जायचा आणि मागे यायचा. समोर ठेवलेली बादली दिसायची नाही, कारण ती नजरेच्या खाली असायची. एकदा तर दारात झोपलेल्या कुत्रीला अडखळून हे पडता पडता वाचले. आणि खोलीच्या मधोमध ती चार बोटांची फट, तिच्यात पाऊल अर्धं जाईल अशी. अंधारात वापरायची खोली आहे ती. मी रोज झोपताना त्या फटीचा विचार करायचे. घोट्याचं हाड कसं मोडतं ते मी खूप पाहिलंय.

मग एका दिवशी हे छपराच्या चाकांसाठी मोताळ्याला वेल्डरकडे गेले. सरकत्या गेटला लावतात तसली चाकं पत्र्याच्या छपराला लावायची होती. मिस्त्री मागे भिंतीला गिलाव्याचा हात देत होता. मी जाऊन म्हटलं, “ते भरून टाक.”

“साहेब रागावतीन.”

“रागावले तं माह्यावर. तू भर.”

त्याला एवढंच हवं होतं. त्यानं गिट्टी ठोकून ठोकून बसवली, वर सिमेंट घातलं, थापीनं असं काही घोटलं की खांब जमिनीतून उगवला की काय असं वाटावं. मग मागे सरकून स्वतःच बघत उभा राहिला. मला हायसं वाटलं. अजूनही कोणी विचारलं तर मी म्हणेन की त्या दिवशी माझं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी हे चाकं घेऊन आले. खोलीत गेले, खांबाभोवती फिरले, भिंतीचा गिलावा हातानं पाहिला, “छान झालं” म्हणाले. मी दारात उभी होते. मला वाटलं आता पाहतील, आता ओरडतील. त्यांना दिसलंच नाही. पायाशी काय आहे ते त्यांना दिसतच नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी आत येऊन भाकरी टाकल्या, आणि पहिली करपली.

छपराची गंमत वेगळीच. भर दुपारी पत्रा तापला की रुळात अडकून बसायचा आणि कितीही जोर लावला तरी हलायचा नाही. ऊन उतरलं की बोटानं ढकलला तरी घरंगळत जायचा. वेल्डरनं येऊन रूळ थोडे पसरवले. दुर्बीण जिच्यावर फिरते त्या लोखंडी चकतीवर त्यानं सारख्या अंतरावर वेल्डिंगचे जाड जाड टाके मारून ठेवले होते. मी त्याला बोलले, “अरे, हे काय टोचरं काम केलं? घासून गुळगुळीत कर.” तो गोंधळून ह्यांच्याकडे बघायला लागला. हे म्हणाले, “राहू दे, मीच सांगतले तसे.” ज्याला जे करायचं ते करू दे.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं जागेवर बसलं. गुढीसाठी मी काठी धुऊन ठेवली होती, कडुलिंबाचा डगळा आणला होता. पश्चिमेला अजून उजेड होता, तलाव फिकट दिसत होता. हे खोलीत गेले, छप्पर सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मी चहा घेऊन गेले. हे वाकून, जवळजवळ ओणवे होऊन दुर्बिणीला डोळा लावून होते. डावा डोळा.

“गुरू सापडला,” हे म्हणाले, आणि आवाज एकदम कोवळा झाला होता. “बरोबर मधात हाय. माह्या डोळ्याले जेवढं दिसते न, तेवढंच हे गोल हाय. काहीच कमी नाही पडत.”

मी दोन पावलं आत टाकली.

“चालू नको!”

मी थांबले.

“परत चाल.”

मी चालले.

हे सरळ झाले. मग खाली बसले, दोन्ही हातांनी खांब धरला आणि हात घसरवत फरशीपर्यंत नेले. बोटं त्या गुळगुळीत सांध्यावरून सगळीकडून फिरली.

“हे कोनं भरलं?”

“मी भराले लावलं.”

“काऊन?”

“तुमचा पाय अडकला असता म्हणून.”

“अडकला असता तं अडकला असता!”

“आणि मंग तुमाले कोनं उचललं असतं? मीच न? पाय मोडला आणि डोळे नाही, असं माणूस मी किती दिवस उचलू?”

हे शब्द तोंडातून गेले आणि मग मला ऐकू आले. तोपर्यंत आम्ही दोघांनी ते कधी उच्चारले नव्हते. हे तसेच खाली बसून राहिले, हात सांध्यावर. चहा गार झाला. मी कप उचलून घेऊन आले.

पाडव्याला गुढी मी एकटीनंच उभारली. हे जेवले, पुरण चांगलं झालंय म्हणाले, बाकी बोलणं बंद. पुढचे काही दिवस असेच गेले. मी थेंब टाकायला गेले की हे खुर्चीत मान मागे टाकायचे, मी टाकायचे, मिटलेल्या पापणीवर बोट धरायचे. रागातही ते चुकवलं नाही. नर्सबाई कितीही चिडली तरी औषधाची वेळ चुकवत नसते.

मग एका सकाळी मागून ठाकठूक ऐकू आली. हे छिन्नी-हातोडी घेऊन सांधा फोडत बसले होते. हातोडी वर जायची तेव्हा छिन्नीवर नजर लागायची, खाली येईपर्यंत सुटायची. अंगठा रक्तानं माखला होता आणि सिमेंटवर तीन-चार ओरखडे तेवढे उठले होते. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! आणि राग तर त्याहून जास्त आला.

“सरका तिकडं,” मी म्हटलं. आधी अंगठा धुतला, पट्टी बांधली. मग पदर खोचला आणि छिन्नी हातात घेतली. मिस्त्रीनं काम पक्कं केलं होतं, त्याला शिव्या देत देत मी फोडलं. हे भिंतीला टेकून बसले होते. मध्येच म्हणाले, “खांबाले नको लागू देऊ.” मी म्हटलं, “मले शिकवू नका.” दुपारपर्यंत फट मोकळी झाली. माझे दोन्ही तळहात सोलले होते.

पण फट होती तशीच ठेवायला माझं मन घेईना. जेवणं झाल्यावर मी ट्रंक उघडली. आमच्याकडे वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आत भरतात, आणि काठाला पीळ घालून दोरखंडासारखी कड करतात. मी तसेच चिंध्यांचे जाड पीळ वळले, खांबाभोवती फटीत दाबून दाबून बसवले, वरून गोणपाटाची कड शिवून टाकली. पाऊल पडलं तरी आत जाणार नाही, आणि कापड मऊ, ते थरथर पुढं नेणार नाही. मला विज्ञान कळत नाही, पण दुखऱ्या पायाखाली काय ठेवावं ते कळतं.

संध्याकाळी हे अनवाणी आत गेले. पाऊल त्या मऊ कडेवर पडलं तसे थांबले. अंगठ्यानं दाबून पाहिलं, भोवती चालत एक फेरी मारली.

“आता चाल,” हे म्हणाले. डोळा दुर्बिणीला.

मी चालले. मुद्दाम पाय आपटत चालले.

“हालत नाही,” हे म्हणाले. मग म्हणाले, “तू पाह्यतं का?”

“मले नाही पाहाचं,” मी म्हटलं. अजून थोडा राग होता. ह्यांनी आग्रह केला नाही. पुढंही कधी केला नाही. तो सगळा उन्हाळा हे रोज दिवेलागणीला जायचे, वाकून बघायचे, कंबर चोळत परत यायचे. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे आणि म्हणायचे, त्या मिस्त्रीचं ऐकलं असतं तर! हे हसायचे.

ते मागच्या वर्षीचं. दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं गोलही आक्रसत गेलं. थेंब बदलले, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. संक्रांतीला ह्यांना तिळगुळाची वाटी दिसली नाही, माझा हात दिसला. होळीपर्यंत हातही नाही, उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. हे कधी कुरकुरले नाहीत. मीच रडले, विहिरीवर जाऊन, दोनदा.

ह्या वर्षीचा पाडवा झाल्यावर एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि मागे छप्पर सरकल्याचा आवाज आला. मी धावत गेले. हे खोलीत उभे होते, अनवाणी, पावलं त्या गोणपाटाच्या कडेवर. एक हात खांबावर, दुसऱ्या हाताची बोटं लोखंडी चकतीवरून फिरत होती. ते टोचरे टाके, एक, दोन, तीन करत मोजत होते. खिशातल्या फोननं थोड्या वेळापूर्वी त्यांना सांगितलं होतं की गुरू कुठल्या दिशेला, किती वर आहे. दुर्बीण त्यांनी टाक्यांवर थांबवली आणि हातानं चाचपून पक्की केली.

“आली का?” हे म्हणाले. “लाव डोळा.”

ह्या वेळी मी नाही म्हणाले नाही. पुढे झाले, मऊ कडेवर उभी राहिले. वाकायचं असेल म्हणून मान खाली घातली, तर डोळा खाली गेला. टाचा उंचावल्या, तर वर गेला. मग नुसती सरळ उभी राहिले, जशी ओट्यापाशी उभी राहते तशी, आणि काच बरोबर माझ्या डोळ्यासमोर होती. मागच्या भिंतीवरची ती खडूची रेघ मला आठवली. वळचणीखाली ती अजून आहे.

“अहो,” मी म्हटलं, “हा खांब माह्या मापाचा बांधला तुमी?”

“मंग कोनाच्या?” हे म्हणाले. “मले किती दिवस पाहाचं होतं? तुले पाहाचं हाय.”

“मले सांगाचं न तवाच!”

“तवा तू ऐकलं असतं का?”

मला भरून आलं. काही वेळ मला काचेत पाणीच दिसत होतं. हे वाट पाहत उभे राहिले, घाई केली नाही. मग मी पदरानं डोळे पुसले आणि परत लावले.

“दिसते का?”

“थोडं डाव्याकडं आणा. बस. दिसला.”

“सांग.”

“पिवळट हाय. गोल. त्याच्यावर दोन पट्टे हायेत, बारीक, लुगड्याच्या काठावानी. आन बाजूले ठिपके.”

“किती?”

“तीन एका बाजूले. एक दुसऱ्या बाजूले, लांब. सगळे एका रेषेत.”

“हाव,” हे म्हणाले, आणि चेहरा असा झाला की आपल्याच घरातली खुशाली ऐकत आहेत. “पट्टे नीट दिसतात?”

“दिसतात. थांबा, सरकून राह्यला तो. चालला काठाले.”

“तो नाही सरकत, आपण सरकून राह्यलो. गेला की सांग.”

“गेला.”

ह्यांनी बोटानं चकतीवर पुढचा टाका शोधला, दुर्बीण हळूच थोडी ढकलली आणि गुरू परत मधोमध आला.